रक्तात ताल नसतो, तो कमवावा लागतो : चार्ल्स मिंगसच्या निमित्ताने

"यांच्या रक्तातच ताल आहे हो!"

एका युवा महोत्सवात परीक्षकांनी आमच्या हलगीवाल्या पोराचं असं कौतुक केलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. परतताना एसटीत तो खिडकीला डोकं टेकून गप्प बसला होता. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाला, "दादा, त्या बासरीवाल्याला साहेबांनी विचारलं, गुरू कोण, रियाज किती करतोस. मला का नाही विचारलं?"

आम्हाला उत्तर देता आलं नाही. हे पोरगं सात वर्षं चुलत्याच्या हाताखाली शिकलंय. बोटांची कातडी सोलून निघेपर्यंत वाजवलंय. हलगी शेकायची किती, थंडीत किती आणि पावसाळ्यात किती, हे त्यानं चटके खाऊन शिकलंय. त्या सात वर्षांचा हिशेब परीक्षकांनी एका वाक्यात पुसून टाकला. बासरीवाल्याचा रियाज आणि आमच्या पोराचं रक्त! एकाची कमाई, दुसऱ्याची जात. आणि त्या वाक्याला आम्ही टाळ्या वाजवल्या, ही लाज वेगळीच.

पण खरा वाद पुढच्या रविवारी विहारातल्या अभ्यासवर्गात झाला. आमच्यातलेच एक ज्येष्ठ काका म्हणाले, "कशाला पाहिजे ती हलगी? बाबासाहेबांनी गावकीची कामं सोडायला सांगितली, ती सोडली. आता पुन्हा गळ्यात अडकवायची का?" दुसरा एक जण हळूच म्हणाला, "तसंही हलगी आपली नाहीच, ती त्यांची." त्यांची म्हणजे पोराची. पोरगं मातंग वस्तीतलं आहे. ते तिथंच बसलं होतं, आणि त्यानं ते ऐकलं.

त्या दिवसापासून आमच्यापुढं एक प्रश्न आहे. व्यवस्थेनं जातीप्रमाणे हातात दिलेलं वाद्य फेकून द्यायचं, की ठेवायचं? ठेवायचं तर कोणत्या अटींवर? याचं उत्तर शोधताना आम्हाला एका अमेरिकन माणसाचा उपयोग झाला. त्याचं नाव चार्ल्स मिंगस. जॅझ संगीतातला डबल बास वाजवणारा आणि मोठा संगीतरचनाकार. ब्लॅक पँथर आणि दलित पँथर यांच्यावर वाचन चालू असताना आमच्यापैकी एकानं मोबाइलवर त्याची 'हैतीयन फाइट साँग' ही रचना लावली होती. पहिल्या मिनिटाला नुसती धडधड ऐकू आली. दुसऱ्यांदा ऐकली तेव्हा कळलं, ती धडधड म्हणजेच सगळं आहे.

डबल बास म्हणजे माणसाच्या डोक्यावर जाणारं, सारंगीच्या घराण्यातलं वाटावं असं भलंमोठं लाकडी वाद्य. चार जाड तारा. उभं राहून, अंगाला टेकवून वाजवायचं. जॅझमध्ये बहुतेक वेळा गज न घेता बोटांनीच तारा खेचतात. ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारे पुढं उभे राहतात, फोटो त्यांचे छापले जातात. बासवाला मागे. पण लय आणि सुराचा पाया तोच धरून असतो. तो थांबला तर पुढच्यांच्या पायाखालची जमीन जाते. सगळ्यांचं ओझं उचलणारा आणि कुणाला न दिसणारा! आपल्या माणसांना ही जागा नवी नाही.

मिंगसचा जन्म २२ एप्रिल १९२२ चा, ॲरिझोनातल्या नोगालेसचा. वडील अमेरिकन सैन्यात सार्जंट. आई तो तान्हा असतानाच गेली. वाढला लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात. सैन्यातल्या बापाचा मुलगा म्हटल्यावर आपल्याला सुभेदार रामजी आठवणारच. पण इथं फरक आहे. मिंगसचा बाप रंगानं उजळ होता, आणि आपण उजळ आहोत म्हणून बाकीच्या काळ्यांपेक्षा वरचे, असं तो मुलांना शिकवत असे. हे मिंगसनंच आत्मचरित्रात लिहिलंय. गोऱ्यांच्या लेखी सगळेच काळे, पण काळ्यांमध्येही वर-खाली! बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेबद्दल जे सांगितलं ते आठवा. शोषितालाही आपल्या पायाखाली कुणीतरी आहे याचं समाधान मिळतं, म्हणून ही इमारत पडत नाही. हे वाचून झाल्यावर आमच्या विहारात कुणी कुणाकडे बघेना. "ती त्यांची" हे वाक्य सगळ्यांनाच आठवलं होतं.

मिंगसला खरं तर चेलो वाजवायचा होता. डबल बासचा धाकटा भाऊ म्हणावा असं हे वाद्य, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात मानाचं. पोरगं ते वाजवायचंही. पण शिकवणाऱ्यांनी त्याला स्वरलिपी नीट वाचायला शिकवलंच नाही, कानानं ऐकून वाजवण्यावर भागवलं. मग मुलांच्या वाद्यवृंदात जायची वेळ आली तेव्हा त्याला भराभर वाचता येईना, आणि तो बाहेर राहिला. बघा कशी व्यवस्था आहे! आधी अक्षर द्यायचं नाही, आणि मग अक्षर येत नाही म्हणून दार लावायचं. त्यानंतर म्हणायचं, यांना लिहिण्यावाचण्याची गरजच काय, यांच्या रक्तातच ताल आहे.

शेवटी बडी कोलेट या मित्रानं त्याला सरळ समजावलं. तू काळा आहेस, कितीही चांगला वाजव, शास्त्रीय वाद्यवृंदात तुला कुणी घेणार नाही. काळ्यांना जे वाजवू देतात ते बास घे. कोलेट स्वतः काळा, मिंगसच्या जिवाभावाचा. त्याच्या सांगण्यात द्वेष नव्हता, अनुभव होता. आपल्याकडंही बाप पोराला असंच सांगतो, "आपल्याला कोण घेतंय तिथं, हेच कर."

"कलेला जात नसते" असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे. मग सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या हातातला चेलो कुणी काढून घेतला? कलेला जात नसेलही. पण कोणतं वाद्य कुणाच्या हातात जाईल, कोण आत बसेल आणि कोण दारात वाजवेल, हे ठरवणाऱ्यांना जात असते. आमचं पोरगं त्या महोत्सवात सकाळी पाहुण्यांच्या स्वागताला, उन्हात, मिरवणुकीपुढं वाजवत होतं. संध्याकाळच्या मुख्य रंगमंचावर हलगीला जागा नव्हती.

मिंगसनं वाद्य स्वीकारलं, पण त्या वाद्यासोबत आलेली पायरी स्वीकारली नाही. आमच्या मते त्याच्या आयुष्याचा गाभा इथं आहे. आधी तो रेड कॅलेंडर या काळ्या बासवादकाकडे शिकला. मग न्यू यॉर्क फिलहार्मोनिक वाद्यवृंदात वाजवलेल्या हर्मन राइन्शागेन यांच्याकडे जवळपास पाच वर्षं शास्त्रीय पद्धतीनं बास शिकला. लॉइड रीस यांच्याकडे संगीतरचना शिकला. ज्या विद्येचं दार लावलं होतं, ती विद्या त्यानं मागच्या दारानं का होईना, पूर्ण घेतली. मग कुणी म्हणावं, याच्या रक्तात होतं! पाच वर्षं रोजचा घाम रक्तातून येत नसतो.

पुढं गंमत बघा. स्वतःची मंडळी जमवून त्यानं 'जॅझ वर्कशॉप' सुरू केलं, तेव्हा तो वादकांना बऱ्याचदा कागद देतच नसे. रचना गाऊन दाखवायचा, पियानोवर वाजवून दाखवायचा, आणि कानानं उचलायला लावायचा. लहानपणी ज्या गोष्टीनं त्याला बाहेर ठेवलं, तीच त्यानं आपली पद्धत केली. पण आता ती निवड होती, कारण लिहिणं-वाचणं हातात होतं. नुसती मौखिक परंपरा आणि अक्षर कमावून मग निवडलेली मौखिक परंपरा, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्या शाहिरीवर, जलशावर गौरवाची भाषणं ठोकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

या माणसानं लुई आर्मस्ट्राँगसोबत वाजवलं, लायोनेल हॅम्पटनच्या वाद्यवृंदात वाजवलं, तरी मध्ये पोट भरण्यासाठी टपाल खात्यात काम करावं लागलं. तिथून रेड नॉर्व्हो यांच्या त्रिकुटात गेला, नाव झालं. त्रिकुटाला दूरचित्रवाणीवर बोलावणं आलं, तेव्हा मिंगसच्या जागी गोरा बासवादक उभा केला गेला. रंगामुळंच आपल्याला बाजूला सारलं, असं मिंगसचं म्हणणं होतं. त्यानं त्रिकूट सोडलं. ऐकायला काळा चालतो, बघायला चालत नाही.

लॉस एंजेलिसमध्ये तर वादकांच्या कामगार संघटनाही दोन होत्या, गोऱ्यांची वेगळी आणि काळ्यांची वेगळी. चांगली कामं गोऱ्यांच्या संघटनेकडे. त्या एक व्हाव्यात म्हणून बडी कोलेट आणि इतरांनी लढा दिला, मिंगसही त्या धडपडीत होता. १९५३ साली त्या एकत्र झाल्या. बास घे म्हणणारा मित्र आणि बास घेणारा मिंगस, दोघंही नशिबाला दोष देत बसले नाहीत.

१९५२ साली मिंगस, त्याची तेव्हाची पत्नी सेलिया आणि ढोलवादक मॅक्स रोच यांनी 'डेब्यू' नावाची स्वतःची ध्वनिमुद्रिका कंपनी काढली. कारण साधं होतं. वाजवायचं काळ्यांनी, आणि तबकडीची मालकी, हक्क, पैसा दुसऱ्याचा, हे त्यांना मान्य नव्हतं. १५ मे १९५३ रोजी टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, रोच आणि मिंगस यांची मैफल झाली. ती आज जॅझच्या इतिहासातली मोठी मैफल मानतात. तिची तबकडी डेब्यूनं काढली. पण ध्वनिमुद्रणात बास जवळजवळ ऐकूच येत नव्हता. मग मिंगसनं स्टुडिओत बसून आपला बास पुन्हा वाजवला आणि त्यावर चढवला.

यावर आमच्यात हसणं झालं. पण विचार करा. कंपनी दुसऱ्याची असती तर बासवाल्याला परत वाजवू कुणी दिलं असतं? तबकडी स्वतःची होती म्हणून मागे उभ्या असलेल्या माणसाचा आवाज इतिहासात आला. आपल्याकडं किती भीमगीतांच्या कॅसेटी निघाल्या, कंपन्या मोठ्या झाल्या. आणि ढोलकी कुणी वाजवली होती, कोरसला कोण होत्या, त्यांना किती मिळाले? कव्हरवर त्यांचं नावही नसतं.

आता 'फेबल्स ऑफ फॉबस'. १९५७ साली आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक इथं ९ काळी मुलं गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश घ्यायला निघाली. न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूनं होता. गव्हर्नर ऑर्व्हल फॉबसनं मुलांना अडवायला सशस्त्र सैनिक उभे केले. शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना केंद्राचं सैन्य पाठवावं लागलं, तेव्हा मुलं वर्गात गेली. शाळेच्या दारात बंदूक! वर्गाबाहेर बसून शिकलेल्या माणसाचे आपण वारस आहोत, हे चित्र आपल्याला समजावून सांगायला नको. मिंगसनं त्या गव्हर्नरची टिंगल करणारी रचना केली. १९५९ च्या 'मिंगस आ अम' या तबकडीत ती शब्दांविना आली. मोठ्या कंपनीला ते शब्द नको होते, असं सांगितलं जातं. १९६० मध्ये एका छोट्या कंपनीसाठी त्यानं ती शब्दांसह केली. मिंगस विचारतो, ढोलवादक डॅनी रिचमंड ओरडून उत्तर देतो. अगदी आपल्या जलशातल्या सवाल-जवाबासारखं. भीमराव कर्डकांच्या जलशानं गावोगाव जे केलं, त्याच जातीचं हे काम. हसवत हसवत सत्ताधाऱ्याचं धोतर सोडायचं.

'हैतीयन फाइट साँग'ची सुरुवातच एकट्या बासनं होते. हैती म्हणजे गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये स्वतंत्र केलेला देश. वंशद्वेष आणि छळ यांचा विचार मनात आणल्याशिवाय ही रचना आपल्याला नीट वाजवताच येत नाही, असं मिंगस सांगे. मागे उभं राहणारं वाद्य पुढं येतं, बाकीचे थांबतात, आणि मग एकेक जण त्याच्या मागे येतो. आमच्या हलगीवाल्यानं हे तिसऱ्यांदा ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे हलगीनं कार्यक्रम सुरू करता येतो? मिरवणुकीपुढं नाही, स्टेजवर?"

मित्रांनो, मिंगसला देव करायचा आमचा इरादा नाही. विभूतिपूजेबद्दल बाबासाहेबांनी १९४९ मध्येच सावध केलंय. मिंगस रागीट होता, आणि त्याचा राग नेहमी योग्य माणसावर निघाला नाही. ज्याला तो आदर्श मानायचा त्या ड्यूक एलिंग्टननं १९५३ मध्ये भांडणावरून त्याला वाद्यवृंदातून काढलं. १९६२ मध्ये त्यानं आपल्याच सहकाऱ्याच्या, ट्रॉम्बोनवादक जिमी नेपरच्या तोंडावर ठोसा मारला, दात मोडला. फुंकून वाजवणाऱ्याचा दात म्हणजे त्याचं पोट. न्यायालयानं शिक्षा सुनावून स्थगित ठेवली. आत्मचरित्रात बायकांबद्दल जी फुशारकी आहे, ती आमच्या मैत्रिणींनी अभ्यासवर्गात फाडून काढली, आणि बरोबरच केलं. अन्यायानं आलेला राग व्यवस्थेवर काढता आला नाही की तो घरच्यांवर, सोबत्यांवर निघतो. आपल्या संघटना किती वेळा याच कारणानं फुटल्या?

'बिनीथ द अंडरडॉग' हे त्याचं आत्मचरित्र १९७१ चं. मुंबईत दलित पँथर उभी राहिली त्याच्या आदल्या वर्षीचं. सुरुवातीलाच तो मानसोपचारतज्ज्ञाला सांगतो की मी एक नाही, तीन आहे. एक नुसता बघणारा, एक घाबरून हल्ला करणारा, एक फार प्रेमळ. हे वाचताना 'बलुतं' आठवलं. १९७८ च्या त्या पुस्तकात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, एकाच माणसाचे दोन होतात. दोघांनी एकमेकांना वाचलं असण्याचा प्रश्न नाही. ज्या समाजात तुम्हाला पूर्ण माणूस मानत नाहीत, तिथं माणूस आतून दुभंगतो, मग तो वॉट्सचा असो की कावाखान्याचा.

१९६६ मध्ये न्यू यॉर्कच्या ग्रेट जोन्स स्ट्रीटवरच्या जागेतून त्याला बाहेर काढलं. तिथं त्याला संगीतशाळा काढायची होती. त्याचं सामान रस्त्यावर टाकलं, त्यात त्याचा बासही. एका तरुण दिग्दर्शकानं ते चित्रित केलं म्हणून आज दिसतं. बुलडोझरपुढं भांडीकुंडी आणि बाबासाहेबांचा फोटो घेऊन उभी राहिलेली माणसं आम्ही पाहिलीत. ते चित्र बघवलं नाही.

१९७७ मध्ये त्याला स्नायू निकामी करणारा असाध्य आजार झाल्याचं निदान झालं. बोटं थांबली. मग तो टेपरेकॉर्डरसमोर गाऊन रचना सांगायचा. ५ जानेवारी १९७९ रोजी मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाका इथं, ५६ व्या वर्षी तो गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे पत्नी स्यू यांनी रक्षा भारतात आणून गंगेत सोडली. हे आमच्यातल्या काहींना खटकलं. पण त्या माणसाला कोणत्या पाण्याला कुणी शिवायचं याचा इथला इतिहास ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. आपल्याला आहे. आपण आपली वाट चवदार तळ्यावरून धरली, त्यानं त्याची धरली. त्याच्या शेवटच्या शांतीवर आम्ही खटला भरणार नाही.

त्याची 'एपिटाफ' ही दोन तासांहून मोठी रचना १९८९ मध्ये, तो गेल्यावर दहा वर्षांनी, न्यू यॉर्कला पूर्ण वाजवली गेली. त्याचे कागद १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेले. ज्याला वाचता येत नाही म्हणून मुलांच्या वाद्यवृंदात घेतलं नव्हतं, त्याच्या हातच्या स्वरलिपीची वही! आणि १९९५ मध्ये, ज्या टपाल खात्यात त्यानं पोटासाठी काम केलं, त्याच खात्यानं त्याचं तिकीट काढलं. मेल्यावर तिकीट देणं सोपं असतं. जिवंतपणी चेलो देणं अवघड.

आता आमच्या प्रश्नाकडं. काकांचं म्हणणं चूक नव्हतं. गावकीची हलगी, शिळ्या भाकरीसाठी आणि बैत्यासाठी दारात वाजवायची हलगी, सोडायलाच हवी होती. ती सोडली म्हणून आपण ताठ उभे आहोत. पण हातातली हलगी आणि तिच्यावर लादलेली गावकी या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे मिंगसकडून शिकायचं आहे. त्यासाठी त्यानं तीन गोष्टी केल्या. विद्या पूर्ण घेतली. मालकी मागितली. आणि कुणाविरुद्ध वाजवतोय हे विसरला नाही.

दोन बैठका, भरपूर भांडण आणि काकांची नाराजी यानंतर आम्ही अभ्यासवर्गात काही गोष्टी ठरवल्या. पाहुण्यांच्या स्वागताला आमची हलगी जाणार नाही, रंगमंचावर बोलावलं तर जाईल. तिथं वादकाचं आणि त्याच्या गुरूचं नाव माइकवर घेतलं जाईल. ध्वनिमुद्रण झालं तर वादकाचा हिस्सा आधी कागदावर. १४ एप्रिल आणि १ ऑगस्ट, बाबासाहेबांची जयंती आणि अण्णा भाऊंची जयंती, दोन्ही वस्त्यांनी मिळून करायच्या. आणि "ती त्यांची" म्हणणाऱ्या आमच्या मित्रानं सगळ्यांसमोर त्या पोराची माफी मागितली. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं.

पोरगं आता हलगीचे बोल वहीत लिहून काढतंय. त्याच्या चुलत्याला लिहिता येत नाही. ते वाजवतात, हे लिहितं. परवा वही दाखवायला आलं तेव्हा पहिल्या पानावर त्यानं चुलत्याचं नाव घातलं होतं, आणि त्यापुढं एकच शब्द : गुरू.

जय भीम! जय अण्णा भाऊ!